तंत्रज्ञानाची रचना आणि आपले वागणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक आणि पालक यांच्याशी या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे थोडक्यात आटोपली आहेत. सोनोग्राफी, हजेरीची यंत्रणा आणि सोसायटीचे ॲप या विषयांवर मात्र मुद्दाम सविस्तर लिहिले आहे.

यंत्राला नीती-अनीती कळत नाही. मग त्याचा नैतिकतेशी संबंध काय?

यंत्राला काही कळत नाही हे खरे आहे, पण ते आखणाऱ्या माणसाला कळत असते, आणि त्याने घेतलेला निर्णय यंत्राच्या आकारात, बटणाच्या जागेत, आवाजात आणि नकारात उतरलेला असतो. शाळेसमोरचा गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन त्यावरून सहज जाते आणि त्याहून वेगात असलेल्याला धक्का बसतो. मुलांच्या काळजीने वेग कमी करणारा चालक आणि गाडीचे शॉकअप वाचवण्यासाठी वेग कमी करणारा चालक, या दोघांचे हेतू वेगळे असले तरी रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने परिणाम एकच होतो.

मात्र हाच गतिरोधक मानक धुडकावून, पांढरे पट्टे न मारता, अरुंद आणि उंच बांधला, तर त्याची किंमत वेगाने जाणाऱ्यापेक्षा रुग्णवाहिकेतील रुग्णाला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या गर्भवतीला अधिक मोजावी लागते. कोणाचा वेग रोखायचा आणि त्यासाठी कोणाला त्रास सोसायला लावायचा, हा न्यायाचा प्रश्न डांबर पडण्यापूर्वीच कोणीतरी सोडवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो आपण सोडवतो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

हा विचार कोणी मांडला?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये वस्तूंनाही राजकारण असते का, हा प्रश्न उपस्थित केला. न्यूयॉर्कजवळचे काही पूल बस जाऊ नये इतके ठेंगणे बांधून गरिबांना समुद्रकिनाऱ्यापासून दूर ठेवले गेले, हे त्यांचे उदाहरण फार गाजले. पुढे अभ्यासकांनी त्या कथेच्या तपशिलांवर गंभीर आक्षेप घेतले, त्यामुळे ते उदाहरण जपून वापरावे. फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी गतिरोधक, सीटबेल्ट आणि आपोआप बंद होणारे दार अशा साध्या वस्तूंवर समाज आपली नैतिक कामे कशी सोपवतो, याचे विश्लेषण केले. नेदरलँड्समध्ये हान्स आख्टरहाउस यांनी १९९५ च्या सुमारास असा आग्रह धरला की सतत माणसांना उपदेश करण्यापेक्षा उपकरणांनाच नीतीचे वळण लावावे, आणि पीटर-पॉल फर्बेक यांनी हा विचार अधिक नेमका करून रचनाकाराच्या जबाबदारीशी जोडला.

सक्तीने घडलेले चांगले वागणे नैतिक म्हणता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर तत्त्वापेक्षा इतिहासातून अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या मोटारींमध्ये अशी व्यवस्था बसवली गेली, की पुढच्या आसनांवर बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. आसनावर ठेवलेली किराणा मालाची पिशवीदेखील गाडीला माणूस वाटे. लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा करून ही सक्ती रद्द केली, आणि इशाऱ्याचा आवाजही आठ सेकंदांपेक्षा जास्त सक्तीचा करता येणार नाही असे ठरवले. हेतू निर्विवाद चांगला होता. पण रचनेने माणसाशी बोलणे टाळून त्याचा हात धरला आणि त्यामुळे लोकांचे वैर ओढवून घेतले.

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींमध्ये चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी पट्ट्याचा इशारा, तसेच ताशी ८० किलोमीटरनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजणारा वेगाचा इशारा बंधनकारक झाला. येथे गाडी अडत नाही, फक्त आठवण करून देते. तरीही ती आठवण गप्प करण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत अडकवायच्या खोट्या क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जाऊ लागल्या, आणि २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या विक्री संकेतस्थळांना त्या काढून टाकण्याचे आदेश द्यावे लागले. जी रचना माणसाला पटलेली नसते तिच्यावर तो तोडगा काढतोच, आणि मग त्या तोडग्याचाही बाजार उभा राहतो. म्हणून माझे मत असे आहे की सक्ती तेव्हाच करावी, जेव्हा धोका दुसऱ्याला आहे. जिथे धोका मुख्यतः स्वतःला आहे तिथे रचनेने कारण सांगत राहावे आणि योग्य कृती सोपी करावी.

नाशिकमधील ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ हा असाच प्रयोग होता का?

होय, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहर पोलिसांनी हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला पंपावर पेट्रोल न देण्याची मोहीम सुरू केली. कल्पनेत नेमकेपणा होता, कारण प्रत्येक दुचाकीला कधी ना कधी पंपावर थांबावेच लागते. पण पंप हे केवळ यंत्र नाही. तिथे नळी हातात धरून एक कमी पगाराचा कामगार उभा असतो. नियमाने नकार देण्याचे काम त्याच्यावर टाकले, आणि चिडलेल्या ग्राहकाला तोंड देण्याची वेळही त्याच्यावरच आणली. शिवाय पेट्रोल भरण्यापुरते डोक्यावर असलेले हेल्मेट पुढच्या चौकात आरशाला लटकत असेल, तर रचनेने प्रसंग साधला, सवय नाही साधली. अशी योजना आखताना नकाराचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो आणि त्या माणसाला संरक्षण काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

मोबाइलवरील एखादे बटण खरोखर इतके मोठे नैतिक परिणाम घडवू शकते का?

१ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारले. त्या काळात मुले पळवण्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्या पुढे पाठवणारे बहुतेक लोक दुष्ट नव्हते. आपण शेजाऱ्याला सावध करतो आहोत, असेच त्यांना वाटत होते. पण पूर्वी अशी बातमी सांगायला उठून शेजारी जावे लागे, त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागे, आणि सांगणाऱ्याचे नाव त्या बातमीला चिकटलेले असे. पुढे पाठवण्याच्या बटणाने हे तिन्ही अडसर एकाच वेळी काढून टाकले.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली आणि चित्रांशेजारचे झटपट पाठवण्याचे बटण काढले. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. कोणाचाही संदेश न वाचता, केवळ हाताला थोडा वेळ लावून हे साधले. यातून कंपनीची बाजू उजळते तशीच तिची जबाबदारीही सिद्ध होते, कारण जो अडसर नंतर घालता आला, तो आधीही घालता आला असता. जमावात हात उचलणाऱ्यांचा गुन्हा मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही. जबाबदारीत रचनाकाराचा वाटा धरला म्हणून वापरणाऱ्याचा वाटा वजा होत नाही.

सोनोग्राफीचे उदाहरण या विषयात नेहमी का दिले जाते?

कारण यंत्र जणू डोळ्यांना नवी नजर देते आणि त्या नजरेबरोबर पूर्वी नसलेला निर्णय आपल्यापुढे येऊन उभा राहतो, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. फर्बेक यांनीही गर्भाच्या सोनोग्राफीचे विश्लेषण याच दृष्टीने केले आहे : तपासणीपूर्वी आईवडील होणाऱ्या बाळाची वाट पाहत असतात, तपासणीनंतर ते बाळाविषयी निर्णय घेणारे होतात. तपासणी न करणे हासुद्धा मग एक निर्णय ठरतो. युरोपात ही चर्चा मुख्यतः व्यंगाच्या निदानाभोवती फिरते. आपल्याकडे तेच यंत्र मुलगा हवा या जुन्या हव्यासाच्या हाती लागले.

महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. यंत्राने स्त्रीद्वेष निर्माण केला नाही. त्याने तो निर्जंतुक, शांत आणि शेजाऱ्यांच्या नजरेआड केला. नवजात मुलीला मारताना ज्या हाताला थरथर सुटली असती, त्या हाताला आता फक्त एक इशारा समजून घ्यायचा होता. म्हणून मी या प्रश्नाला लोकशिक्षणाचा प्रश्न म्हणून सोडून द्यायला तयार नाही.

कायद्याने जे उपाय केले तेही बऱ्याच अंशी रचनेचेच आहेत. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुन्यातील अर्ज आणि केंद्राच्या दर्शनी भागातील फलक या साऱ्यांनी खोलीतला एकांत थोडा मोडला. कोल्हापूर जिल्ह्यात तर यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडून तपासणीची चित्रे साठवली गेली, ज्याला रेडिओलॉजिस्टांनी न्यायालयात आव्हान दिले आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले. येथे स्त्रीच्या खासगीपणाचा प्रश्न खरा आहे आणि तो केवळ डॉक्टरांच्या सोयीचा बहाणा म्हणून उडवून लावता येत नाही. स्वतःच्या गर्भाची चित्रे कोणाकडे, किती काळ राहणार, हे तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या बाईला सांगितले गेले पाहिजे. पाळत डॉक्टरांवर ठेवताना तिला केवळ पुराव्याचे साधन समजणे ही त्या रचनेतील उणीव आहे.

पारदर्शकतेसाठी हजेरीची यंत्रे आणि बोटांचे ठसे वापरले जातात. त्यात वाईट काय?

हेतूत काही वाईट नाही. प्रश्न हा आहे की रचना कोणावर संशय घेते आणि संशय चुकीचा ठरला तर भरपाई कोण करते. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून मोबाइल ॲपवर चढवावी लागते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील डोंगराळ पाड्यांवर नेटवर्क कधी असते, कधी नसते. दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी चढली नाही, तर यंत्राच्या लेखी ती आलीच नाही. दुसरीकडे ज्यांना फसवायचे आहे ते वाट शोधतात : जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढवणे, असंबद्ध चित्रे टाकणे, असे गैरप्रकार देशभर होत असल्याचे २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच आपल्या परिपत्रकात नोंदवले. रेशन दुकानातील ठशांच्या यंत्राचेही तसेच आहे. ज्याच्या बोटांवरच्या रेषा कष्टाने झिजल्या आहेत, त्यालाच पुन्हा पुन्हा बोट पुसून टेकवावे लागते.

अशा यंत्रणेचा नैतिक परिणाम दोन्ही बाजूंना होतो. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा रोज सिद्ध करावा लागतो, आणि ग्रामरोजगार सेवक किंवा दुकानदार ‘मशीन घेत नाही, मी काय करू’ असे म्हणून मोकळा होतो. समोर भुकेला माणूस उभा असताना त्याची अडचण ओळखण्याची क्षमता त्या वाक्याने हळूहळू बोथट होते, आणि हे नुकसान कोणत्याही अहवालात दिसत नाही. अपवादाची नोंद हाताने करण्याची सोय, ती करणाऱ्याची सही, आणि ठरावीक दिवसांत तिची तपासणी, एवढे केले तरी यंत्र ठेवून माणुसकी राखता येते.

मग विश्वासावर आधारलेली रचना शक्य आहे का?

नाशिकहून शिर्डीमार्गे शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांनी तिथली दारे नसलेली घरे पाहिली असतील. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तिथे कुलूप न लावणारी शाखा उघडली, पण तिच्या काचेच्या दारामागे विजेवर चालणारी चुंबकीय कडी होतीच. त्या गावात चोऱ्या घडल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत, तेव्हा ते आदर्श म्हणून डोक्यावर घेण्याची गरज नाही. त्यातून एवढे मात्र शिकता येते की उघडी चौकट स्वतःहून कोणाला सज्जन करत नाही; तिच्यामागे सर्वांनी मिळून मानलेली श्रद्धा आणि एकमेकांची ओळख असावी लागते.

विश्वासाची दुसरी वाट नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या नोटांवर दिसते. शंभरच्या नोटेच्या कडेला चार आणि पाचशेच्या नोटेच्या कडेला पाच उठावदार तिरप्या रेषा असतात, ज्या बोटांनी चाचपून दृष्टिहीन व्यक्तीला नोट ओळखता येते. समोरच्याच्या सचोटीवर अवलंबून न राहता तिला स्वतः पडताळता येते, आणि समोरच्याच्या मनातला मोहही उगवण्यापूर्वीच निरर्थक होतो. २०१६ नंतरच्या नोटांचे आकार एकमेकांच्या जवळ आल्याने ही ओळख अवघड झाली, आणि दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. काही मिलिमीटरच्या फरकात ज्याचा स्वाभिमान अडकलेला असतो, तो माणूस हा फरक ठरवणाऱ्यांच्या खोलीत असला पाहिजे.

धार्मिक भावनांच्या बाबतीत रचना काही करू शकते का?

गोदावरीच्या काठावर याचे चांगले उत्तर मिळते. निर्माल्य नदीत टाकू नका, हा फलक वर्षानुवर्षे होता. पण देवाला वाहिलेले फूल कचऱ्याच्या पेटीत टाकायला कोणाचाही हात धजत नाही. निर्माल्य कलशाने त्या हाताला मान्य होईल अशी जागा दिली. गणेशोत्सवातील कृत्रिम तलाव आणि मूर्ती संकलनाचेही तेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पद्धतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच विरघळते, आणि उरलेल्या द्रवातील अमोनियम सल्फेट खत म्हणून चालते. विसर्जन होतेच, फक्त ते नदीला घातक न होता. भावनेला ठेच न लावता कृती बदलणारी रचना ही मला या सगळ्या उदाहरणांत सर्वांत समंजस वाटते, कारण तिने माणसाला अपराधी ठरवण्यापूर्वी त्याची अडचण समजून घेतली.

‘डार्क पॅटर्न’ म्हणजे काय?

ग्राहकाला नको असलेली गोष्ट त्याच्याकडून करवून घेण्यासाठी मुद्दाम केलेली मांडणी. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात खोटी घाई दाखवणे, न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी टाकणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहिणे आणि सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणे यांचा समावेश आहे. यातील देणगीचा प्रकार विशेष घातक आहे, कारण आधीच खूण केलेल्या चौकटीतून गेलेले पाच रुपये दान नसतात, आणि अशा फसवणुकीनंतर माणूस खऱ्या गरजवंताकडेही संशयाने पाहू लागतो.

आमच्या सोसायटीत प्रवेशद्वारासाठी ॲप घ्यायचे आहे. काय पाहावे?

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतील मोठ्या सोसायट्यांमध्ये हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. पाहुण्याची नोंद, सामान पोहोचवणाऱ्याला परवानगी, कामवाल्या मावशींच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि कधीकधी त्यांच्या कामाचे मूल्यमापन म्हणून त्यांना तारे देण्याची सोय असे सर्व त्यात असते. सुरक्षिततेचा लाभ खरा आहे. पण मावशींना तारे देता येतात आणि मावशींना मात्र पगार थकवणाऱ्या घराला तारे देता येत नाहीत, हे लक्षात घ्या. पूर्वी उशीर झाला तर ‘का गं, बरं नाही का?’ असे विचारले जाई. आता वेळ आधीच पडद्यावर आलेली असते आणि विचारण्याऐवजी पगार कापण्याची सोय झालेली असते. लिफ्ट वेगळी ठेवण्याचा नियम ॲपच्या पासमध्ये बसवला, तर एरवी तोंडाने बोलायला संकोच वाटला असता असा भेदभाव कोणीही न बोलता रोज पाळला जातो.

म्हणून ठराव करण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : कोणती माहिती घेतली जाईल, ती किती महिन्यांनी पुसली जाईल, ती कोण पाहू शकेल, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नोंद वहीत कशी होईल. तारे देण्याची सोय बंद ठेवता येते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. सभेला काम करणाऱ्या बायकांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या दोन-तीन प्रतिनिधींना बोलवावे. त्यांना मतदानाचा अधिकार नसला तरी त्यांचे म्हणणे इतिवृत्तात यावे. सहा महिन्यांनी पुन्हा आढावा घेण्याची तारीख त्याच ठरावात लिहावी.

फसव्या मांडणीची तक्रार कुठे करायची?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पडद्याचे छायाचित्र, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. रद्द करण्याची वाट लपवलेली असेल, तर ती शोधताना उघडलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र क्रमाने घ्यावे, कारण अशा तक्रारीत एका पानावरून काहीच सिद्ध होत नाही.